कुटुंबातलं सर्वांत सैल खातं

शाळेचा पहिला दिवस. मुलगी दारात उभी आहे. अंगावर नवा गणवेश, पाठीवर दप्तर. आई फोटो काढते, खाली मुलीचं पूर्ण नाव आणि 'आजच सहा वर्षांची झाली' असं लिहून टाकते. थोड्या वेळात मावशी आजोळच्या आडनावासकट कौतुक करते, आत्या घराच्या नव्या रंगाबद्दल विचारते, आणि काका लिहितात, 'दर सोमवारी मीच आणायला जाणार!'

हेच सगळं एखाद्या अनोळखी माणसाने वाचलं तर त्याच्या हाती काय लागतं ते पाहा. गणवेशाच्या बिल्ल्यावरून शाळा. फाटकावरच्या पाटीवरून घराचा क्रमांक. मजकुरातून मुलीचं नाव आणि जन्मतारीख. मावशीच्या कमेंटमधून आईचं माहेरचं आडनाव, म्हणजे आजही कित्येक ठिकाणी खातं परत मिळवण्यासाठी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर. आणि काकांकडून, मुलीला शाळेतून कोण आणि कधी घेऊन जातं ते. यातली एकही गोष्ट गुपित नाही. एकत्र आल्या की मात्र शाळेच्या दारात उभं राहून 'मला काकांनी पाठवलंय' म्हणण्याइतकी माहिती तयार होते.

तुकडे जुळतात, आणि ते वाटतात त्यापेक्षा फार लवकर जुळतात. लटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली दाखवून दिलं होतं की पाच अंकी पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टी माहीत असल्या तर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येण्याची शक्यता आहे. नाव लागतच नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि घराचा परिसर दिसणारा फोटो यांतून हे तिन्ही तुकडे सहज मिळतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सेटिंग आपण एकेकट्याच्या खात्याला लावतो, पण माहिती फुटते ती घराच्या हिशेबाने. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे फेसबुकवरच्या एका प्रश्नमंजुषेतून लोकांची माहिती गेल्याचं प्रकरण २०१८ मध्ये उघडकीला आलं, तेव्हा ती प्रश्नमंजुषा स्वतः भरणारे जवळपास २ लाख ७० हजार जण होते. पण त्यांच्या मित्रयाद्यांमधून ज्यांची माहिती गेली असावी अशांचा फेसबुकने सांगितलेला आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत होता. उरलेल्यांनी काहीही दाबलं नव्हतं. त्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी दाबलं होतं. म्हणून घरात एकाने सगळं कुलूपबंद केलं आणि आजोबांचं खातं सताड उघडं राहिलं, तर कुटुंबाची खाजगी माहिती आजोबांच्या खात्याइतकीच सुरक्षित. पुढचं सगळं घरातला प्रत्येक फोन समोर घेऊन करायचं आहे. एका फोनला साधारण एक तास धरा.

फोटोच्या पोटात काय असतं

फोनचा कॅमेरा फोटोबरोबर एक न दिसणारी नोंद जोडतो. तिला एक्झिफ म्हणतात. तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, फोनचं मॉडेल आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर अक्षांश-रेखांश, असं सगळं त्यात असतं. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, आणि नोंद सेकंदाच्याही अपूर्णांकात होते. मोकळ्या आकाशाखाली ती काही मीटरच्या आत बरोबर येते. घर शोधायला तेवढं भरपूर झालं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'व्हॉट्सॲप लोकेशन काढून टाकतं' हे अर्धंच खरं. फोटो म्हणून पाठवला तर तो आवळला जातो आणि त्या ओघात ही नोंद निघून जाते. पण 'क्वालिटी जाऊ नये' म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, ईमेलला जोडला किंवा क्लाउडची लिंक दिली, तर फाइल जशीच्या तशी जाते, अक्षांश-रेखांशासकट. जुन्या वस्तू विकताना लोक नेमकं हेच करतात: घरात काढलेला सोफ्याचा फोटो मूळ फाइल म्हणून अनोळखी गिऱ्हाइकाला पाठवतात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम इतरांना दाखवायच्या प्रतीतून ही नोंद काढतात खरी, पण अपलोड होताना ती कंपनीच्या हाती गेलेली असते.

उपाय मुळातच करावा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे लोकेशन सर्व्हिसेस, त्यात कॅमेरा, आणि 'नेव्हर'. अँड्रॉइडवर कॅमेरा ॲपच्याच सेटिंग्जमध्ये लोकेशन टॅग किंवा सेव्ह लोकेशन असा पर्याय असतो, तो बंद. प्रवासाच्या फोटोंना जागा जोडलेली हवीच असेल तर परवानगी चालू ठेवा, पण आयफोनवर शेअर करताना वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन लोकेशन बंद करा. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तळाशी वैयक्तिक माहिती काढून टाकण्याची ओळ आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला बदल पुढच्या फोटोंनाच लागू होतो. गॅलरीत आधीपासून असलेल्या हजारो फोटोंमध्ये जागा तशीच राहते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आयफोनच्या लाइव्ह फोटोकडे वेगळं लक्ष द्या. बटण दाबण्याच्या दीड सेकंद आधीपासून दीड सेकंद नंतरपर्यंतचं चित्र आणि आवाज त्यात असतो. स्थिर फोटो पाठवतोय असं वाटत असताना मागच्या खोलीत चाललेलं बोलणंही जाऊ शकतं. शेअर करण्याआधी लाइव्ह बंद करा.

फोटोत जे दिसतं

न दिसणाऱ्या नोंदीपेक्षा दिसणारी माहिती जास्त नुकसान करते, कारण ती कुठलंही ॲप काढून टाकत नाही. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी विमानाच्या बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. त्यावरचा बुकिंग क्रमांक आणि नाव वापरून एका जाणकाराने विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून त्यांचा पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर मिळवला आणि नंतर जबाबदारीने तो दोष कळवला. आकडा झाकला तरी बारकोड उघडा राहिला तर उपयोग शून्य, कारण तीच माहिती त्यात भरलेली असते आणि ती वाचणारी ॲप फुकट मिळतात. तिकीट, औषधाची चिठ्ठी, गुणपत्रिका, ओळखपत्र, पार्सलवरचं लेबल, सगळ्यांना हाच नियम.

नव्या घराच्या किल्लीचा हातात धरलेला फोटो हाही असाच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवलं होतं की किल्लीच्या फोटोवरून तिचे दाते मोजून दुसरी किल्ली बनवता येते. त्यांनी दुर्बिणीतून सुमारे ६० मीटरवरून काढलेला फोटोही वापरला होता. किल्ली मुठीत ठेवा, दाते दिसू देऊ नका.

झाकायचं कसं, याचीही रीत आहे. फोनमधल्या हायलायटर पेनने खोडलेला आकडा ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की बऱ्याचदा पुन्हा दिसतो, कारण तो रंग पूर्ण अपारदर्शक नसतो. अक्षरं धूसर करणं किंवा चौकोनी तुकड्यांत फोडणंही अंकांसाठी भरवशाचं नाही: शून्य ते नऊ हे दहाच पर्याय असल्यामुळे प्रत्येक अंक धूसर करून ताडून पाहता येतो. पूर्ण काळा, भरीव चौकोन ठेवा, आणि मग त्या झाकलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो स्क्रीनशॉट पाठवा. कापलेल्या फोटोचाही भरवसा धरू नका. मार्च २०२३ मध्ये उघड झालेल्या एका दोषात गूगलच्या पिक्सेल फोनवर कापलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलमध्ये कापलेला भाग शिल्लक राहत होता आणि काही अंशी परत मिळवता येत होता. दोष दुरुस्त झाला, पण त्याआधी पाठवलेली चित्रं दुरुस्त झाली नाहीत. आयफोनवर एअरड्रॉप करताना 'ऑल फोटोज डेटा' चालू असेल तर मूळ फोटो आणि केलेले बदल दोन्ही जातात.

आरशातलं प्रतिबिंब, लॅपटॉपचा उघडा पडदा, फ्रिजवर चिकटवलेलं वेळापत्रक, खिडकीबाहेरची ओळखू येणारी इमारत. फोटो टाकण्याआधी मुलाच्या चेहऱ्यावरून नजर काढून चारही कोपरे एकदा मोठे करून पाहा. दहा सेकंदांचं काम आहे.

फेसबुक: मित्रयादीपासून सुरुवात करा

बहुतेक जण पोस्टच्या सेटिंगपासून सुरुवात करतात. मी मित्रयादी आधी बंद करायला सांगेन. कारण कुटुंबांना सर्वांत जास्त त्रास होतो तो नकली खात्यांचा: कुणीतरी तुमचा प्रोफाइल फोटो आणि नाव उचलतं, त्याच नावाचं खातं उघडतं, तुमच्या मित्रयादीतल्या एकेकाला विनंती पाठवतं आणि दोन दिवसांनी 'अडचणीत आहे, पैसे पाठव' असा निरोप सोडतं. या सगळ्याचा कच्चा माल म्हणजे उघडी मित्रयादी. ती दिसलीच नाही तर नकली खातं कुणाला गाठणार हेच ठरत नाही. 'लोक तुम्हाला कसे शोधतात' या विभागात मित्रयादी कोण पाहू शकतं, ते 'ओन्ली मी' करा. सामाईक मित्र तरीही दिसतात, तेवढं धरून चाला.

त्याच विभागात फोन नंबर आणि ईमेलवरून तुम्हाला कोण शोधू शकतं हेही ठरवता येतं. एप्रिल २०२१ मध्ये १०६ देशांतल्या ५३ कोटींहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांचे फोन नंबर आणि इतर माहिती खुली झाली. ती कुणी कुलूप तोडून नेली नव्हती. फोनमधले संपर्क जुळवून मित्र शोधून देणारी सोय वापरून, ढीगभर नंबर टाकून, प्रत्येक नंबर कुणाचा ते विचारून घेतलं होतं. प्रोफाइलवर नंबर लपवणं वेगळं आणि नंबरवरून शोधू न देणं वेगळं. दुसरं सेटिंग उघडं असेल तर पहिलं असून नसल्यासारखंच. दोन्ही बंद करा. त्याबरोबर फोनमधले संपर्क ॲपला देणंही बंद करा आणि आधी चढवलेले संपर्क पुसा. ते संपर्क तुमचे नाहीत, तुमच्या वहीत असलेल्या माणसांचे आहेत.

जुन्या पोस्टसाठी 'लिमिट पास्ट पोस्ट्स' हे एकच बटण आहे. आजवरच्या सगळ्या सार्वजनिक आणि मित्रांच्या मित्रांना दिसणाऱ्या पोस्ट त्याने फक्त मित्रांपुरत्या होतात. हा बदल एका फटक्यात मागे घेता येत नाही, पण मागे घ्यायची वेळ क्वचितच येते. मात्र ज्या पोस्टमध्ये कुणाला टॅग केलंय ती पोस्ट त्या व्यक्तीला आणि तिच्या मित्रांना पुढेही दिसू शकते. टॅग हा फेसबुकवरचा सर्वांत दुर्लक्षित दरवाजा आहे. तुम्ही 'फक्त मित्र' ठेवून फोटो टाकता, आत्याला टॅग करता, आणि आत्याच्या सातशे मित्रांसाठी तो उघडतो. आपल्याला टॅग केलेली पोस्ट आपल्या मित्रांना आपोआप दिसण्याचा पर्याय प्रोफाइल अँड टॅगिंगमध्ये बंद करा (आत्याच्या फोनवरही), आणि तिथलेच दोन 'रिव्ह्यू' चालू करा. रिव्ह्यूमुळे फक्त तुमच्या पानावर काय येईल हे तुमच्या हातात येतं. ज्याने फोटो टाकला त्याच्या पानावर तो राहतोच. तिथे सेटिंग संपतं आणि फोन करून विनंती करणं सुरू होतं.

दुसऱ्याच्या सार्वजनिक पोस्टखाली केलेली कमेंट सार्वजनिकच असते, तुमचं खातं कितीही बंद असलं तरी. कव्हर फोटोही नेहमी सार्वजनिक, म्हणून तिथे कुटुंबाचा फोटो नको. जन्मतारखेला दिवस-महिना आणि वर्ष अशी दोन वेगळी सेटिंग आहेत. वर्ष 'ओन्ली मी' ठेवलं तरी शुभेच्छा यायच्या त्या येतात. 'फॅमिली अँड रिलेशनशिप्स'मध्ये भरलेली नाती काढून टाका, कारण आजोबा-मामांच्या नावांवरून आईचं माहेर एका मिनिटात निघतं.

हे सगळं झाल्यावर 'व्ह्यू ॲज' वापरून पान परक्याच्या नजरेने पाहा. मेनूंची नावं आणि जागा कंपन्या सतत बदलतात; पर्याय सापडला नाही तर सेटिंग्जमधल्या शोधाच्या चौकटीत 'टॅग', 'फ्रेंड्स लिस्ट' असे शब्द टाका.

व्हॉट्सॲप आणि कुटुंबाचा ग्रुप

व्हॉट्सॲपवर प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि स्टेटस 'माय कॉन्टॅक्ट्स' केलं की लोक निर्धास्त होतात. पण तुमच्या कॉन्टॅक्ट्समध्ये कोण आहे? एकदाच आलेला नळ दुरुस्त करणारा, जुना घरमालक, सहा वर्षांपूर्वीचा दलाल. ज्याचा ज्याचा नंबर जतन केलात आणि ज्याच्याकडे तुमचाही जतन आहे, त्याला मुलांचे स्टेटस दिसतात. आधी संपर्कांची यादी झाडा. स्टेटससाठी 'ओन्ली शेअर विथ' वापरून दहा-पंधरा माणसं निवडा. हा बदल आधी टाकलेल्या स्टेटसला लागू होत नाही. ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं तेही 'माय कॉन्टॅक्ट्स'पुरतं करा, नाहीतर कुणीही परका शे-दोनशे माणसांच्या ग्रुपात तुम्हाला ओढतो आणि त्या सगळ्यांना तुमचा नंबर मिळतो.

आता कुटुंबाचा ग्रुप. सगळे आपलेच, म्हणून इथे सगळे सैल असतात. चाळीस जणांच्या ग्रुपात बाळाच्या अंघोळीचा एक फोटो टाकला की तो कित्येक फोनांवर आपोआप उतरतो, गॅलरीत जातो, आणि गॅलरीचा क्लाउड बॅकअप चालू असेल तिथे आणखी एक प्रत बनते. त्यातला एक फोन कुणा भाच्याच्या मित्राच्या हातात असतो, एक दुरुस्तीच्या दुकानात. 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण अडीच दिवसांपर्यंत चालतं, पण गॅलरीत जतन झालेली प्रत त्याने पुसली जाईलच असं नाही. त्यामुळे असा फोटो ग्रुपात टाकूच नये; आजी-आजोबांना वेगळा पाठवावा, तोही 'व्ह्यू वन्स' करून. दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढता येतो, म्हणून 'व्ह्यू वन्स'वर विसंबून अजिबात पाठवू नये असं काही पाठवू नका.

ग्रुप चालवणाऱ्याने तीन गोष्टी कराव्यात. आमंत्रणाची लिंक रीसेट करावी, कारण जुनी लिंक ज्याच्याकडे असेल तो आत येऊ शकतो. नव्या सदस्याला ॲडमिनच्या मंजुरीची अट घालावी. आणि २०२५ मध्ये आलेली 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' चालू करावी. तिच्यामुळे फोटो आपोआप गॅलरीत उतरणं आणि संभाषण बाहेर काढणं थांबतं. स्क्रीनशॉट मात्र तिच्यामुळे थांबत नाही.

तुमच्या स्वतःच्या फोनवर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन ठेवा. नोंदणीच्या वेळी एसएमएसने येणारा सहा अंकी कोड वेगळा आणि हा वेगळा. कुणी तो कोड गोड बोलून काढून घेतला तरी पिनशिवाय खातं मिळत नाही. पिनबरोबर ईमेलही जोडा, नाहीतर विसरलात तर तुम्हीच बाहेर अडकाल. 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून पाहा. आपलं नसलेलं उपकरण दिसलं तर ताबडतोब लॉगआउट करा. वयस्कर माणसांच्या फोनवर ही यादी मुद्दाम तपासा. 'मदत करतो' म्हणत कुणीतरी जोडून ठेवलेला संगणक तिथे महिनोन्महिने राहतो. चॅट बॅकअपचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शनही आपणहून चालू करावं लागतं. त्यासाठी पासवर्ड किंवा ६४ अंक-अक्षरांची किल्ली निवडता येते. ते हरवलं तर बॅकअप कुणीही उघडून देऊ शकत नाही, म्हणून कागदावर लिहून ठेवा.

जागा आणि वेळ

सहलीचे फोटो घरी परतल्यावर टाकावेत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि जवळपास कुणीच पाळत नाही. स्टोरी चोवीस तासांत जाते म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण 'घर रिकामं आहे' ही माहिती नेमकी त्याच चोवीस तासांत कामाची असते. मोह आवरत नसेल तर इन्स्टाग्रामवर 'क्लोज फ्रेंड्स'ची छोटी यादी करा आणि तेवढ्यांनाच दाखवा. खातं 'प्रायव्हेट' केल्यावर जुने फॉलोअर तसेच राहतात, हे विसरू नका; यादी उघडून ओळख नसलेल्यांना 'रिमूव्ह' करा, त्यांना सूचना जात नाही. प्रोफाइल फोटो आणि बायो तरीही सर्वांना दिसतात.

पळण्या-चालण्याची ॲप या बाबतीत जास्त बोलकी आहेत. स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या वापरकर्त्यांच्या मार्गांचा नकाशा प्रसिद्ध केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड भागातल्या लष्करी तळांच्या आकृत्या त्यात उमटल्या आहेत. सैनिकांनी काहीही पोस्ट केलं नव्हतं, ते फक्त धावले होते. तुमचा रोजचा मार्ग जिथे सुरू होऊन जिथे संपतो ते तुमचं घर. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लपवण्याची सोय वापरा, आणि लपवायचं अंतर मोठं ठेवा. घर मध्यभागी धरून वर्तुळ झाकलं असेल तर वेगवेगळ्या दिवशी मार्ग त्याच्या परिघावर जिथे तुटतात ते तीन बिंदू पुरेत. शाळेतल्या भूमितीने केंद्र काढता येतं. मार्गच कुणाला न दाखवणं सर्वांत बरं.

व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास देता येतं. कुणी भेटायला येत असेल तर १५ मिनिटं पुरतात. स्नॅपचॅट वापरणाऱ्या मुलांच्या फोनवर स्नॅप मॅप उघडून 'घोस्ट मोड' लावा.

मुलं, आणि मोठ्यांशी बोलणं

फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मुलांच्या छायाचित्रांची गोपनीयता जपणं ही दोन्ही पालकांची सामाईक जबाबदारी ठरवली आणि मुलाचं वय व समज पाहून त्यालाही त्यात सामील करावं असं म्हटलं. कायदा कुठेही असो वा नसो, ही रीत घरात आणता येते. चार-पाच वर्षांच्या मुलाला फोटो दाखवून 'हा मामाला पाठवू का?' असं विचारता येतं, आणि 'नको' म्हणालं तर खरंच न पाठवता येतं. पुढे त्याच्या हाती फोन आल्यावर दुसऱ्याचा फोटो टाकण्याआधी विचारायची सवय तिथूनच लागते.

टाकायचाच असेल तर पाठमोरा, गणवेशाशिवाय, नावाशिवाय, जागेशिवाय. कपडे नसलेला, आजारपणातला, रडतानाचा किंवा शिक्षा भोगतानाचा फोटो कुठल्याही बंद अल्बममध्येही नको. मुलांचं स्वतःचं इन्स्टाग्राम खातं असेल तर त्यात खरं वय भरलेलं असू द्या. सप्टेंबर २०२४ पासून किशोरवयीनांची खाती आपोआप खाजगी ठेवायला सुरुवात झाली आणि सोळा वर्षांखालच्यांना सेटिंग सैल करायला पालकांची परवानगी लागते. वय वाढवून खातं उघडलं की हे संरक्षण निघून जातं.

खरं अवघड काम नातेवाइकांशी बोलण्याचं. आजी फोटो टाकते ती प्रेमाने, आणि 'काढ तो फोटो' म्हटलं की दुखावते. ग्रुपात सर्वांसमोर सांगू नका. फोन करा, आणि 'नको' म्हणताना तिला दुसरी वाट द्या: 'आई, बाळाचे फोटो मी तुला दर रविवारी वेगळे पाठवीन, तुझ्या मैत्रिणींना फोनवरच दाखव; फक्त फेसबुकवर नको, तिथे कोण बघतं ते आपल्याला कळत नाही.' आधी टाकलेले फोटो तिच्या शेजारी बसून काढा. परदेशातल्या, दूरच्या माणसांसाठी फोनच्या फोटो ॲपमध्ये नावं घालून निवडलेल्या लोकांपुरता सामाईक अल्बम करता येतो. 'लिंक असलेला कुणीही' हा पर्याय तेवढा बंद ठेवा.

आणखी एक गोष्ट घरात ठरवून टाका: एक सांकेतिक शब्द. व्हिडिओतल्या काही सेकंदांच्या आवाजावरून आता हुबेहूब आवाज बनवता येतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२३ मध्येच याबद्दल लोकांना सावध केलं होतं. 'आजी, मी अपघातात सापडलोय' असा नातवाच्या आवाजात फोन आला तर आजीने तो शब्द विचारायचा. शब्द कुठल्याही पोस्टमध्ये न आलेला हवा. कुत्र्याचं नाव किंवा गावाचं नाव चालणार नाही. तो कुठल्याही ग्रुपात लिहायचा नाही, समोरासमोर बसून सांगायचा. शब्द आठवला नाही तर फोन ठेवून नातवाच्या नेहमीच्या नंबरवर आपणहून फोन लावायचा, हेही आजीला सांगून ठेवा.

कुलूप, आणि फुटल्यावर

ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्याच ट्विटर खात्यावरून भलतेसलते संदेश गेले. हल्लेखोरांनी त्यांचा फोन नंबर आपल्या ताब्यात घेतला होता. नंबर ज्याच्या हाती, एसएमएसने येणारे कोडही त्याच्याच हाती. म्हणून लॉगिनच्या दुसऱ्या पायरीसाठी एसएमएसऐवजी दर ३० सेकंदांनी कोड बदलणारं ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्याच कुलपाने खातं उघडण्याची सोय) वापरा. ज्या ईमेलवर सगळी खाती परत मिळतात त्या ईमेलला हे आधी करा, बाकीच्यांना नंतर. फेसबुक एकदाच वापरता येणारे दहा रिकव्हरी कोड देतं. ते छापून कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा, फोनच्या गॅलरीत नाही.

नको तो फोटो बाहेर गेलाच, तर पहिलं काम पुरावा धरण्याचं: पानाचा पत्ता, वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट. मग तक्रार. उलट क्रमाने केलं तर मजकूर गायब होतो आणि हाती काही राहत नाही. खाजगी, नग्न किंवा अर्धनग्न फोटोची धमकी असेल तर प्रौढांसाठी स्टॉपएनसीआयआय आणि फोटो अठरा वर्षांखालच्या वयातला असेल तर टेक इट डाउन या मोफत सेवा आहेत. तुमचा फोटो त्यांच्याकडे जात नाही; तुमच्याच उपकरणावर त्याचा अंकी ठसा बनतो, आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारी चित्रं शोधून काढतात. मूळ फोटो मात्र त्यासाठी हाताशी हवा, म्हणून घाबरून आधी पुसू नका. मूल बळी असेल तर त्याला रागावू नका. ओरडा बसेल या भीतीने मुलं गप्प राहतात आणि धमकावणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

शेवटचं, जे जवळपास सगळेच विसरतात: जुना नंबर. सोडून दिलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला मिळतो, आणि ज्या खात्यांना तो जोडलेला होता त्यांचे कोड त्या माणसाकडे जायला लागतात. सिम बंद करण्याआधी, ते चालू असतानाच, व्हॉट्सॲपमध्ये 'चेंज नंबर' करा, मग ईमेल, मग फेसबुक आणि इन्स्टाग्राम, मग बँक. घरातल्या कुणाचं निधन झालं असेल तर त्यांचा नंबर लगेच बंद करू नका. त्यावर काय काय जोडलेलं आहे ते आधी शोधा. फेसबुकवर हयातीतच 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. आजोबांचा फोन हातात घ्याल त्या तासात, त्यांना विचारून, तेही भरून टाका.